सनस्क्रीनचा चेहऱ्यावर खोडरबर होतोय? आवडती ट्यूब फेकण्याआधी हे बघा

परवा परत तेच झालं. डोंबिवलीहून फास्ट लोकल गाठायची घाई, सनस्क्रीन लावलं, वरून कॉम्पॅक्ट फिरवला, गालाला बोट लागलं आणि पांढऱ्या बारीक शेवया हातात आल्या. गणित चुकल्यावर खोडून खोडून वहीवर चुरा पडतो ना, अगदी तसं. झटकलं की अजून निघतात, ओल्या कापसाने पुसलं की खालचं सनस्क्रीनही जातं, आणि तसंच सोडून गेलं की डब्यात कुणीतरी मैत्रीण एकदम काळजीच्या आवाजात विचारतेच, "अगं, तुझी स्किन निघतेय का गं?"

माझा हा प्रॉब्लेम वर्षातून दोनदा ठरलेला, एकदा जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आणि एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागली की. आणि इतकी वर्षं मी दर वेळी एकच करत आले, ती ट्यूब मागे ढकलायची आणि नवीन मागवायची, मग ती नवीन चार-पाच महिने मस्त चालायची आणि परत जून. गेल्या वर्षी कपाट आवरताना मोजल्या तर सात अर्धवट ट्यूबा निघाल्या, त्यातल्या निदान चार अशा की ज्यांच्यासाठी मी कधीकाळी सगळ्या ऑफिसात "घ्याच गं" म्हणून सांगत सुटले होते. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की साताच्या सात काही एकदम बिघडणार नाहीत, माझंच काहीतरी चुकतंय.

हे फक्त सनस्क्रीनचं नाही. काजळ, फाउंडेशन, अत्तर, सगळ्यांबद्दल "आधी किती छान चालायचं, आता चालतच नाही" अशी तक्रार असते, आणि बहुतेक वेळा वस्तू तीच असते, बदललेलं असतं ते तिच्याखाली काय लावलंय, किती लावलंय आणि मध्ये किती थांबलोय. मी पार्लरवाली नाही की डॉक्टर नाही, पण स्वतःच्या चेहऱ्यावर आणि स्वतःच्या पैशांवर भरपूर प्रयोग झालेत, ते सांगते.

आधी शेवयांचं

सनस्क्रीन म्हणजे नुसती क्रीम नसते, ती वाळली की चेहऱ्यावर पातळ पापुद्रा धरते, आणि तो धरायलाच हवा नाहीतर घामाबरोबर सगळं वाहून जाईल. त्यासाठी त्यात फिल्म धरणारे पॉलिमर टाकतात, आणि हाताला मऊ लागावं म्हणून बऱ्याचदा सिलिकॉन, लेबलवर डायमेथिकोन लिहिलेलं दिसतं ते. आता याच्याखाली तुम्ही जेलवालं मॉइश्चरायझर किंवा सीरम लावलं असेल, ज्यात घट्टपणासाठी कार्बोमर नाहीतर झँथन गम असतं, तर तो अजून एक थर. खालचा अजून ओला, त्यावर वरचा ओला, आणि वरून आपण पोळीला तेल लावल्यासारखा हात फिरवतो, मग दोन्ही थर कातडीला धरायचं सोडून एकमेकांना धरतात आणि त्यांच्या वळकट्या होतात. स्वेटरला गोळे येतात त्याला पिलिंग म्हणतात, यालाही तेच नाव आहे.

दोष नक्की कुणाचा हे शोधायला चेहरा वापरू नका, सकाळी वेळ नसतो आणि चिडचिड होते. रविवारी दुपारी डावा हात पालथा टेबलावर ठेवा. मी असे तीन पट्टे केले. पहिल्यावर फक्त सनस्क्रीन, दुसऱ्यावर मॉइश्चरायझर आणि मग सनस्क्रीन, तिसऱ्यावर सीरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, म्हणजे रोज सकाळी चेहऱ्यावर असतं ते सगळं. पाच मिनिटांनी उजव्या हाताच्या बोटाने तिन्ही चोळले. पहिला पट्टा स्वच्छ, काही नाही. दुसऱ्यावर अगदी कडेला दोन-चार कण. तिसऱ्यावर शेवया, अगदी खिरीला पुरतील एवढ्या. म्हणजे ज्या ट्यूबेला मी शिव्या देत होते ती बिचारी एकटी असताना एकदम सरळ वागत होती.

मग मागे जाऊन आठवलं. दिवाळीनंतर स्किन ओढल्यासारखी वाटते म्हणून मी सकाळी हायलुरॉनिक ॲसिडचं सीरम सुरू करायचे, मावसबहिणीच्या नादाने, आणि तिथून शेवया. आणि जूनमध्ये सीरम नसायचं पण मॉइश्चरायझर तेवढंच, मेच्या एसीतल्या सवयीने भरपूर, आणि बाहेर हवा एवढी दमट की ते वाळतच नाही. दोन वेगळी कारणं आणि लक्षण एकच, म्हणून इतकी वर्षं पत्ता लागला नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तोंड नुसतं धुवून, काहीही न लावता, खिडकीपाशी उजेडात आरशात बघा. तेव्हाही नाकाच्या बाजूला, भुवयांमध्ये पापुद्रे दिसत असतील तर ती क्रीमची भानगड नाही, कातडीच कोरडी पडलीय किंवा सोलवटतेय, आणि आग होत असेल, लाल होत असेल तर प्रयोग बंद करून स्किनच्या डॉक्टरांकडे जायचं. तिथे माझा सल्ला चालणार नाही.

मी आता काय करते ते सांगते. सीरम रात्री. सकाळी तोंड धुतलं की मॉइश्चरायझर वाटाण्याएवढंच, आणि पावसाळ्यात तर तेही नाही, कारण बऱ्याच सनस्क्रीनमध्येच तेवढा ओलावा असतो. मग डबा भरायचा. खरंच, डबा भरणं हा माझा टायमर आहे, भाजी, पोळ्या, ताकाची बाटली, दहा मिनिटं जातातच, तोवर चेहरा हाताला चिकट लागत नाही. मग सनस्क्रीन दोन हप्त्यांत, आधी अर्धं, ते बसलं की उरलेलं, आणि घासायचं नाही, टपटप दाबत लावायचं, लहान बाळाला पावडर लावतो तसं. परत पाच मिनिटं, त्यात केस विंचरून होतात. वर कॉम्पॅक्ट पफने दाबून, ब्रश फिरवून नाही. माझ्या अनुभवात अर्ध्या शेवया त्या ब्रशनेच निघायच्या.

इथे एक शॉर्टकट सगळ्यांना सुचतो, मलाही सुचला होता, सनस्क्रीनच कमी लावायचं. शेवया थांबतात हो, पण मग लावून उपयोग काय. डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, लॅबमध्ये मोजतात तो दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढ्या जाड थराला, आणि आपण त्याच्या निम्मंही लावत नसू तर ५० लिहिलेलं ५० मिळत नाही. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढून निघेल एवढं, हा साधा हिशोब. आणि ३० की ५० यावरून दुकानात जीव काढायची गरज नाही, ३० वाला युव्हीबीचा, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांचा, साधारण ९७ टक्के भाग अडवतो आणि ५० वाला ९८, म्हणजे पुरेसं लावलेलं ३० हे चिमूटभर लावलेल्या ५० पेक्षा कधीही भारी. बाजूला पीएच्या पुढे अधिकची चिन्हं असतात ती युव्हीए या दुसऱ्या किरणांसाठी, तीही बघा, काळपटपणा वाढण्यात त्याचा हात मोठा असतो.

दुपारी परत लावताना शेवया येणारच असं वाटत असेल तर आधी टिश्यूने चेहरा नुसता टिपून घ्या, पुसू नका, टिपा, आणि स्पंजने दाबून लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी लावायचं असा नियम आहे, आणि मी दिवसभर ट्यूबलाइटखाली बसून तो पाळत नाही हे कबूल करते, जेवणानंतर बाहेर पडायचं असेल तरच.

पांढरट दिसण्याचा प्रॉब्लेम वेगळा, तो झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर ते लावलं की गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखं दिसतं. त्याला दाबून लावणं वगैरे काही उपाय नाही, टिंट असलेलं घ्या किंवा हे दोन्ही नसलेलं. बास, यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

काजळ मुलुंडपर्यंत ठीक, कुर्ल्याला पांडा

हे दुसरं दुखणं. घरातून निघताना रेघ सुबक, आणि उतरेपर्यंत डोळ्यांखाली अशी काजळी की रात्रभर रडल्यासारखी. इथेही मी वॉटरप्रूफ, सुपर वॉटरप्रूफ, चोवीस तासवालं, सगळं करून झालं. पण वॉटरप्रूफ म्हणजे पाण्याने जात नाही एवढंच, तेलाने जातं त्याचं काय. काजळाची पेन्सिल मेण आणि तेलाचीच बनलेली असते, तिला तेल लागलं की ती विरघळून सरकते, आणि डोळ्यांखाली आपण काय काय फासलेलं असतं बघा, आय क्रीम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, वर स्वतःचं तेल. चिखलात रांगोळी काढल्यासारखं आहे ते.

म्हणून आय क्रीम सकाळी बंद, तिला रात्र मोकळी आहे. डोळ्यांखालचं सनस्क्रीन बसलं की कोरड्या बोटाने अगदी थोडी पावडर, पापण्यांच्या मुळाशी लागून. मग काजळ, आणि त्यावर चपट्या बारीक ब्रशने काळी किंवा गडद ब्राउन आयशॅडो दाबायची. ही शेवटची स्टेप मला माझ्या पार्लरवाल्या ताईंनी शिकवली, मी त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही कुठलं काजळ वापरता, तुमचं कधी पसरत नाही," तर त्या हसल्या आणि पर्समधून जी पेन्सिल काढली ती माझीच होती, तीच कंपनी, तोच नंबर, जी मी दोन वर्षांपूर्वी "बेकार" म्हणून वहिनीला देऊन टाकली होती. वहिनीकडून परत मागायची सोय नाही, नवीन घेतली.

घरच्या काजळाबद्दल. माझी आई अजून करते, तुपाची वात लावायची, वर तांब्याची ताटली पालथी धरायची, धरलेली काजळी खरवडायची आणि तुपात खलायची. दिसायला त्याच्यासारखं काळंभोर दुसरं नाही, पण त्यात बांधून ठेवणारं मेणच नाही, नुसतं तूप, ते पसरणारच. मी आईला सांगितलं तर म्हणाली, "आम्ही कुठे लोकलला लटकत होतो काजळ घालून." बरोबर आहे. घरी, सणाला, संध्याकाळी ते घालावं. मात्र सुरमा डोळ्यांत नको, पारंपरिक सुरम्यात गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज असतं, आणि लहान बाळांच्या डोळ्यांत तर यातलं काहीच नको.

पेन्सिल टोकदार करायची असेल तर रोज किंचित सोलून घ्या, टोकावरची तेलकट साय निघून जाते आणि रेघ परत गडद येते. "काजळ फिकं झालं" या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. डोळे आले होते तेव्हा वापरलेली पेन्सिल मात्र कितीही आवडती असली तरी कचऱ्यात. मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिने, पुढे नाही, तो दर वेळी हवा आत घेतो आणि आत ओल असतेच.

दुकानात गोरी, लग्नात तांबडी

फाउंडेशनची शेड दोन तासांनी गडद होते, त्यालाच ऑक्सिडाइज झालं म्हणतात. त्यातले रंग म्हणजे लोहाची ऑक्साइडं, ती चेहऱ्यावरच्या तेलात भिजली आणि वरचं पाणी उडून गेलं की गडद दिसायला लागतात. यावर एकच उपाय मला सापडला आणि तो विकत घेण्याआधीचा आहे. मनगटावर नाही, जबड्याच्या कडेवर लावून बघायचं आणि लगेच पैसे द्यायचे नाहीत. बाहेर पडा, भाजी घ्या, अर्ध्या तासाने उन्हात आरसा काढून बघा. दुकानातली मुलगी म्हणेल, "मॅडम, लास्ट पीस आहे." असू दे. मी त्या लास्ट पीसच्या नादात भावाच्या लग्नात वीटभट्टीवरून आल्यासारखी दिसलेय, अल्बम आहे, कुणाला दाखवत नाही. आणि शेड उजळ करायला त्यात सनस्क्रीन मिसळू नका, दोन्हींचा सत्यानाश होतो.

आईच्या ड्रॉवरात मात्र मला कळायला लागल्यापासून एकच कॉम्पॅक्ट आहे, लॅक्मेचा. कंपनी टाटांनी १९५२ साली सुरू केली आणि लॅक्मे म्हणजे आपली लक्ष्मीच, फ्रेंच तोंडातून आलेली, हे मला परवा-परवा कळलं. आई दर वेळी तीच शेड आणते, पफने तीन वेळा दाबते, गाल-कपाळ-हनुवटी, संपलं. तिच्या चेहऱ्यावर मी आजवर शेवया बघितलेल्या नाहीत, कारण खाली काही नसतंच.

अत्तर टिकत नाही म्हणे

यात आधी एक तपासायचं, ते खरंच उडालंय की तुमच्या नाकाला सवय झालीय. नाक एकाच वासाला थोड्या वेळात कंटाळतं, आपल्या घरातल्या फोडणीचा वास आपल्याला येत नाही पण पाहुण्याला दारातच येतो, तसं. मी दुपारी "गेलंच की" म्हणून अजून दोन फवारे मारायचे आणि शेजारच्या टेबलवरचे काका शिंकायचे. ते वयस्क गृहस्थ बिचारे काही बोलले नाहीत, पंखा तेवढा स्वतःकडे वळवून घेतला. तेव्हापासून आधी कुणालातरी विचारते, येतोय का.

येत नसेल तर मग बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य साधारण २ ते ४ टक्के, ओ द तॉयलेतमध्ये ५ ते १५, ओ द पर्फ्यूममध्ये १५ ते २०, बाकी मुख्यतः अल्कोहोल, मग कोलोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकावं ही अपेक्षाच चुकीची. शिवाय लिंबू-संत्र्यासारखे वास सगळ्यात आधी उडतात, तो त्यांचा स्वभाव, चंदन, वाळा, कस्तुरीसारखे खाली बसून राहतात. दुकानात कागदाच्या पट्टीवर जो वास आवडतो तो पहिल्या पंधरा मिनिटांचा, आणि आपण राहणार असतो उरलेल्या पाच तासांबरोबर.

कोरड्या कातडीवर काहीच टिकत नाही. मनगटावर आणि कोपराच्या आत किंचित वास नसलेलं व्हॅसलीन चोळायचं आणि त्यावर फवारा, फरक लगेच कळतो. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची ती सवय सोडा, चोळल्याने कातडी गरम होते आणि वरचे हलके वास आणखी लवकर उडतात. आणि बाटली बाथरूममध्ये नको. रोज गरम पाण्याची वाफ आणि खिडकीतलं ऊन खाऊन माझी एक लाडकी बाटली सहा महिन्यांत व्हिनेगरसारखी झाली, मी वर्षभर त्यालाच "फॉर्म्युला बदलला" म्हणत होते.

मुंबईच्या पावसाळ्यात मला स्प्रेपेक्षा तेलातलं अत्तर जास्त मानवतं. कनौजचं मिट्टी अत्तर हुंगून बघा एकदा, भाजलेली माती देग-भपक्यात, म्हणजे अत्तर गाळायच्या जुन्या पद्धतीच्या भांड्यांत, उकळतात आणि तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यामुळे वास पहिल्या पावसाचा आणि खाली चंदन, म्हणून टिकतोही. तेलात असल्याने ते अल्कोहोलसारखं भर्रकन उडत नाही, पण कपड्यावर डाग पाडतं. याचं उत्तर आपल्या आजोबांकडे होतंच, कानात अत्तराचा फाया. कापसाची चिमटीएवढी गुंडाळी, त्यावर एक थेंब, कानाच्या वरच्या खोबणीत, आत नाही. लोकलमध्ये लोक बघतात, बघू देत. संध्याकाळी ऑफिसातून निघताना मान वळवली की अजून येतो. माझा मोगऱ्याचा फाया मी कुर्त्याच्या आतल्या शिवणीला पिन करते, तेही चालतं.

आणि खरंच वस्तू बदलली असेल तर

असंही होतं, नाही म्हणत नाही. म्हणून आवडत्या गोष्टीचं रिकामं खोकं मी आता टाकत नाही, घडी करून ड्रॉवरात ठेवते. नवीन आलं की दोन्हींवरची घटकांची यादी शेजारी धरायची. जे जास्त ते आधी, अशा क्रमाने ती यादी असते, एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र शेवटी कसेही लिहितात, त्यामुळे शेपटीत थोडा बदल दिसला तर घाबरू नका, पहिल्या सात-आठ नावांत बदल असेल तर तुमची तक्रार खरी. वजनही बघा, तीच डबी, तीच किंमत आणि आत कमी माल हा प्रकार फार.

यादी तीच असेल आणि तरी वास किंवा रंग विचित्र असेल तर माल डुप्लिकेट असू शकतो. परदेशी वस्तू असेल तर लेबलवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी नंबर हवा, नुसतं "फॉरेनचं आहे ताई" पुरत नाही. मी एकदा सेलमध्ये निम्म्या किमतीत लिपस्टिक घेतली, कुणाकडून ते जाऊ दे, तिला मेणबत्तीचा वास येत होता. आणि उघड्या डबीचं बारीक चित्र असतं, त्यात १२ किंवा ६ आकडा, ते उघडल्यापासूनचे महिने. उघडल्याची तारीख मार्करने बुडाला लिहायची, नाहीतर "मागच्याच महिन्यात काढली" वाली डबी दोन वर्षांची निघते.

या सगळ्या उलटतपासणीत मी ज्यांच्याकडे परत गेले ती नावं काही ग्लॅमरस नाहीत. रात्री ओठांना बोरोलीन, कोलकात्याचं, १९२९ पासूनचं, झिंक ऑक्साइड, बोरिक ॲसिड आणि लॅनोलिन, वास तोच हिरव्या ट्यूबचा. दिवसा सनस्क्रीनखाली ते कधीच नको, ते चिकट आणि स्निग्ध, वरचं सगळं घसरतं. टाचांना आपलं पुण्याचं कैलास जीवन, वर जुने मोजे, कारण चादरीला तेलकट डाग पडतात आणि मग कोण ऐकून घेणार. विको टर्मरिक कधीमधी, तो हळद-चंदनाचा वास आला की मी शाळेच्या गॅदरिंगच्या मेकअप रूममध्ये असते. ही क्रीम आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन यावर कर लावण्यावरून वर्षानुवर्षं कोर्टात खटला चालला होता, डोंबिवलीत आमच्या घरी मात्र आजीने तो केव्हाच निकालात काढला होता, औषधांच्या डब्यात ठेवून. आणि आंघोळीला म्हैसूर सँडल, बंगळुरूला १९१६ साली कारखाना निघाला तो, त्या साबणानंतर चंदनाचं अत्तर लावलं की जास्त वेळ राहिल्यासारखं वाटतं, हा माझा भास असेल तर असू दे.

जाता जाता पांढऱ्या कुर्त्याचं. सनस्क्रीन लावून घातलेल्या पांढऱ्या कपड्यांची कॉलर धुतल्यावर केशरी-तांबूस व्हायला लागली तर तो मळ नाही आणि बाईचा धुण्यातला दोषही नाही. सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन असेल आणि धुण्याच्या पाण्यात लोह असेल तर दोघांचं मिळून गंजासारखा डाग पडतो. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी असतं त्या महिन्यात हे हमखास. मी पहिल्यांदा ब्लीच ओतलं आणि डाग अजून पक्का केला. ब्लीच नाही, लिंबू. डागावर लिंबाचा रस किंवा कोमट पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्व, अर्धा तास भिजत, मग नेहमीचा साबण, लागलं तर परत एकदा. दोन कुर्ते असे वाचले. ब्लीचवाल्याच्या डाव्या कॉलरवर मात्र आठ आण्याएवढा डाग अजून तसाच आहे, तो मी ओढणी डावीकडे घेऊन घालते.